शाल, अंगठी आणि कर्नलची लोकर

शाल अंगठीतून आरपार गेली पाहिजे, एवढं बोलून माझ्या विहीणबाईंनी कॉफीत साखर घातली. त्यांचा आवाज इतका मऊ आहे, की त्या काय बोलल्या हे माणसाला घरी पोचल्यावर कळतं. मला थोडं लवकर कळलं, कारण गाडी सुरू करता करता माझा नवरा काल्यू म्हणाला, "हेल्वे, तू हे काय कबूल करून बसलीस?"

आमच्या लेकीच्या, मारेटच्या साखरपुड्याची ती कॉफी होती. जावई चांगला, नोकरी चांगली, मुलगा अबोल, म्हणजे नाव ठेवायला जागाच नव्हती. पण माणसं समुद्रकाठच्या हाप्सालूची. हाप्सालूच्या बायका विणतात ती शाल म्हणजे नुसता वाफेचा कपडा. अंगावर घेतली तरी घेतली आहे की नाही, हे आरशात बघून ठरवावं लागतं. आम्ही पडलो विल्यांडीकडचे. आमच्याकडचा हातमोजा टेबलावर उभा ठेवला तर उभा राहतो, आणि त्याचाच आम्हाला अभिमान आहे.

"आमच्यात लग्नाची शाल नवरीची आई विणते," विहीणबाई, म्हणजे अस्ताबाई, म्हणाल्या होत्या. "पण तुमच्याकडे ती पद्धत नसेल तर मी विणते हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

आता यावर कुठली आई गप्प बसेल? मी म्हटलं, शाल मीच विणणार. तेव्हा त्यांनी ते अंगठीचं सांगितलं. लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर शाल लग्नाच्या अंगठीतून ओढायची, अडकली तर ती शाल नव्हे, घोंगडी. हे सांगताना त्या स्वतःच्या बोटातली अंगठी फिरवत होत्या. दोऱ्याइतकी बारीक, सासूबाईंकडून आलेली. मग म्हणाल्या, "छान झालं. तुम्ही आमची शाल विणा, मी सुनेसाठी तुमच्याकडचे हातमोजे विणते. त्यात काय एवढं."

हे "त्यात काय एवढं" मी सगळा हिवाळाभर उशाशी घेऊन झोपले.

शाल विणणं म्हणजे काय, हे ज्यांनी विणली नाही त्यांना सांगून उपयोग नाही, आणि ज्यांनी विणली आहे त्या मला हसतील. एवढंच सांगते, की त्या हिवाळ्यात आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा नियम होता. शालीत कळ्या असतात. एकाच घरात पुष्कळ टाके घालून, पुढच्या ओळीला ते सगळे एकत्र ओढून घ्यायचे, की एक छोटी कळी उठते. त्या कळीच्या वेळी काल्यूने "मीठ कुठाय" असं विचारलं तर अख्खी ओळ उसवावी लागायची. बिचाऱ्याने बरेच दिवस अळणी खाल्लं. तक्रार केली नाही, पण माझ्या बहिणीकडे जेवायला जायचं म्हटलं की कोट घालून आधी तयार असायचा.

एप्रिलपर्यंत मधला चौकोन झाला. किनार वेगळी विणून त्याला शिवायची असते, आणि नेमकी किनारीच्या तोंडावर लोकर संपली. लग्न जूनमध्ये. पांढरी लोकर कुठेही मिळते असं काल्यू म्हणाला, त्यावरून त्याची समज दिसते. पांढरे किती असतात हे फक्त विणणाऱ्यांना आणि रंगाऱ्यांना ठाऊक.

दुसरी अडचण बोटात होती. सगळ्यांसमोर फजिती व्हायच्या आधी घरी दार लावून शाल अंगठीतून काढून बघावी, एवढीच माझी माफक इच्छा. पण माझी अंगठी निघेना. लग्नात ती सैल होती. त्यानंतर बोट वाढत गेलं आणि अंगठी तेवढीच राहिली. कुणाची मागायची तर लूलेने लग्नच केलं नाही आणि मैमूने स्वतःची अंगठी घटस्फोटाच्या दिवशी विल्यांडीच्या तळ्यात फेकली. या माझ्या दोन मैत्रिणी. यांच्या भरवशावर माणसाने साधी सुईसुद्धा मागू नये.

आमच्या जिन्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. तळमजल्यावरचे फेलिक्स अग्निशमन दलातून निवृत्त झालेले आहेत. ते अंगठी कापायची पक्कड घेऊनच दारात उभे राहिले. "काही होत नाही, कापून देतो," म्हणाले. मी म्हटलं, मला अंगठी अख्खी हवी आहे. "मग बोट कापावं लागेल," असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर हसत खाली गेले. साबण झाला, लोणी झालं, बोटाला दोरा गुंडाळून झाला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की हात वर धरून बसायचं, रक्त खाली उतरतं. तशी मी टीव्हीसमोर हात वर करून बसले होते, तर काल्यू म्हणाला, "कशावर मतदान चाललंय?"

शेवटी मैमूने ठरवलं, की शनिवारी तिघींनी निघायचं. वाटेत लोकरीचं दुकान, मग चरखे करणाऱ्या म्हाताऱ्याकडे, आणि शेवटी लोकरगिरणी. माझी पांढरी लोकर कुठे ना कुठे मिळेल, लूलेचा चरखा कुरकुरतो तो दुरुस्त होईल, आणि मैमूच्या भावाकडची मेंढ्यांची लोकर गिरणीत देऊन तिला सूत मिळेल. गिरणीची ती पद्धतच आहे. कच्ची लोकर घेऊन जायचं, तिच्या बदल्यात सूत घेऊन यायचं.

नेमका शुक्रवारी विहीणबाईंचा फोन. लग्नातल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये सफरचंद घालायचं की नाही, यावर उद्या निवांत बोलू या का? मी म्हटलं, "उद्या नाही हो, आमच्या गायनवृंदाचा सराव आहे." लोकर संपली हे मी त्यांना मरेपर्यंत सांगणार नव्हते. त्या म्हणाल्या, "बरंच झालं. मलाही उद्या तार्तूला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय." मला जरा बरं वाटलं. त्यांचाही एखादा दात दुखतो तर.

सकाळी मैमूची गाडी आली तेव्हा तिच्या आधी तिचा वास आला. मागे लोकरीची पोती छतापर्यंत होती.

"ही कर्नलची," मैमू म्हणाली. कर्नल हा तिच्या भावाचा मेंढा. "वर्षभर नुसता झुडपांत लोळतो मेला. पण लोकर बघ कशी आहे."

"वास बघते आहे," लूले म्हणाली. लूले गायनवृंदात खालच्या पट्टीत गाते आणि बोलतेही त्याच पट्टीत, त्यामुळे तिचं सगळंच बोलणं निकालासारखं वाटतं. ती चरखा घेऊन पुढे बसली. मी मागे, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली शाल मांडीवर धरून, डाव्या कानाशी कर्नल.

लोकरीचं दुकान जुन्या दूधडेअरीच्या इमारतीत आहे. दारावर पाटी होती: साठामोजणी चालू, दुकान बंद. पण दार सताड उघडं. आत दुकानदारीण एका शिडीवर उभी होती.

"बंद आहे," ती म्हणाली.

"दार उघडं आहे," मैमू म्हणाली.

"हवेसाठी."

"एकच गुंडा हवाय, बारीक पांढरा. तो काय समोरच आहे."

"तो मोजून झालाय."

"मग एक कमी धरा."

"कमी कसा धरू? आहे ना तो."

"आम्ही घेतला की नसेल ना!"

"म्हणून तर देत नाही," दुकानदारीण शांतपणे म्हणाली. "सोमवारी या."

मला मनातून त्या बाईचं कौतुक वाटलं आणि तिची शिडी हलवावीशीही वाटली. तिने आम्हाला बघायची परवानगी दिली, फक्त हात लावायचा नाही, ढीग हलतो म्हणे. मी अभ्रा जरासा उघडून लांबूनच शाल त्या गुंड्याशेजारी धरली. रंग नाही जुळला. माझी शाल दुधासारखी, तो गुंडा बर्फासारखा. निदान सोमवारचा प्रश्न मिटला. "असा दुधी हवा असेल तर गिरणीत वाइकेबाईंकडे शिल्लक असेल," ती शिडीवरून म्हणाली. "पण त्या कुणालाही देत नाहीत. आधी काम बघतात."

हे ऐकून मी शाल पुन्हा अभ्र्यात घट्ट गुंडाळली. तिथून आम्ही चरखेवाल्याकडे गेलो.

ओत्तो नावाचा हा म्हातारा साऱ्या तालुक्यात चरख्यांचा वैद्य म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने लूलेला चरख्यावर बसवलं, सूत काढायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला. चरखा कुर्र कुर्र करत होता. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "हा कुरकुरत नाही. बोलतो."

"काय बोलतो?" लूलेने विचारलं.

"म्हणतो, मी म्हातारा झालो."

यावर आम्ही तिघींनी मान डोलावली. चूक तिथेच झाली. पुढचा कॉफीचा कप संपेपर्यंत लूलेने नवा चरखा घेतला होता, आणि जुना ठेवून घ्यायला म्हातारा तयार नव्हता. त्याचं म्हणणं, चालू चरखा घरातून काढणं अशुभ असतं. मैमूने विचारलं, मग तुम्ही हा नवा कसा काढताय? तर तो म्हणाला, "माझा धंदा आहे." पुन्हा आम्ही मान डोलावली.

आता गाडीत दोन चरखे झाले. जुना मागे, म्हणजे माझ्या मांडीवर. शाल चरख्याच्या वर, आणि माझे पाय कर्नलच्या पोत्यांत. वळण आलं की चाक फिरायचं आणि माझ्या हनुवटीला लागायचं. मी शहर नियोजन कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. लोक माझ्याकडे परवानग्या मागायला येतात. त्यातल्या कुणी त्या दिवशी मला पाहिलं नसेल अशी आशा आहे. रस्त्यात एकदा गाडी थांबवून लूलेने नवा चरखा फिरवून पाहिला. तोही कुरकुरला.

"हा वेगळ्या पट्टीत आहे," लूले म्हणाली. तिला तेवढ्यावर समाधान होतं.

गिरणीत मोठी रांग होती. रांग म्हणजे भिंतीशी एक बाक, त्यावर पोती मांडीवर घेतलेली माणसं, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. आम्हा लोकांना एकत्र गप्प बसायला आवडतं. कानटोपीवाला एक शेतकरी होता, दोन बहिणी होत्या, आणि टोकाला एक बाई मफलर नाकापर्यंत ओढून आगीच्या वेळी काय करावे ही पाटी मन लावून वाचत होती. मला तिचं कौतुक वाटलं. ती पाटी आजवर कुणी वाचलेली मी पाहिली नव्हती.

वाइकेबाईंनी कर्नलचं पहिलं पोतं उघडलं, आत हात घातला आणि काटेरी बोंडांचा एक घोसच बाहेर काढला.

"हे काय आहे?"

"लोकर," मैमू म्हणाली.

"ही लोकर नाही, हे कुंपण आहे. माझं पिंजायचं यंत्र हे खात नाही. तिकडे टेबल आहे. निवडून आणा, मग बघू."

मैमू भांडायला निघाली होती, पण मी तिचा दंड धरला. मला वाइकेबाईंकडून लोकर हवी होती, त्यामुळे मी त्या दिवशी अतिशय समजूतदार होते. कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि निवडायला बसले. आमच्या कार्यालयात धान्य निवडल्यासारखे अर्ज निवडते, तशीच कर्नलची बोंडं निवडली. ताज्या लोकरीला मेंढीच्या अंगचं तेल असतं, ते हाताला लागतं, मनगटापर्यंत चढतं. टोपली भरली की वाइकेबाई ती उचलून आतल्या खोलीत न्यायच्या आणि यंत्राशेजारच्या ढिगात ओतायच्या. माझ्या टोपल्या सगळ्यांत स्वच्छ. वाइकेबाई एकदा "हं" म्हणाल्या. त्या कुणाला सहसा "हं" म्हणत नाहीत असं मागून कळलं.

त्या "हं"च्या जोरावर मी माझं काम सांगितलं.

"दाखवा शाल," त्या म्हणाल्या. "हात धुवून."

मी नळाखाली हात धरले. उजव्या हाताच्या बोटावर एक पांढरी गोल खूण होती. जिथे अंगठी असते तिथे.

साबणाने, लोण्याने, फेलिक्सच्या उपदेशाने जी हलली नाही, ती कर्नलच्या तेलाने गुपचूप उतरवून नेली होती. मला काही क्षण वाटलं, चला, निघाली एकदाची. मग मी आतल्या खोलीकडे पाहिलं. काल्यूने ती पहिल्या पगारातून घेतली होती, आणि दुकानातून निघताना इतका घाबरला होता की अंगठी माझ्या हाती द्यायच्या ऐवजी पावती दिली होती. ती अंगठी आता यंत्राशेजारच्या ढिगात होती, आणि यंत्र धडधडत होतं.

"यंत्र थांबवा," मी म्हणाले. यंत्राच्या धडधडीत ते कुणाला ऐकूच गेलं नाही. "यंत्र थांबवा!"

वाइकेबाईंनी एक खटका ओढला. इतकी शांतता झाली की बाकावरच्या लोकांना ती आवडली असावी.

"यंत्रात धातू?" वाइकेबाई हळूच म्हणाल्या. "याचे दात आता कुठे बनत नाहीत. एक तुटला तर ही गिरणी बंद." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळा ढीग बाहेर आला. त्यात आता एकट्या कर्नलची नाही, साऱ्या रांगेची लोकर मिसळलेली. मग बाकावरून एकेक माणूस उठला. पहिला कानटोपीवाला, मग त्या दोन बहिणी. टेबलाशी आले, एकेक पुंजका उचलला आणि पिंजत बसले. मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, माफ करा, तुमचा शनिवार घालवला. कानटोपीवाला म्हणाला, "माझ्या बायकोची आंबवलेल्या कोबीच्या पिंपात पडली होती. फेब्रुवारीत सापडली."

"लोहचुंबक आणू का?" लूले म्हणाली.

"सोनं लोहचुंबकाला चिकटतं होय?" मैमू म्हणाली.

"असं सोनं असेल तर चिकटेलही."

"अगं, ती रडतीये आणि तू तिच्या सोन्याची परीक्षा घेतीयेस!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. काल्यू. त्याला खारवलेल्या काकड्यांची बरणी सापडत नव्हती. मी सांगितलं, फडताळात, मागे. "बरं. आणि हाप्सालूहून व्याह्यांचा फोन होता. अस्ताबाई फोन उचलत नाहीत म्हणे. दात काढताना काही झालं तर नाही ना, असं विचारत होते." मी म्हटलं, मला काय माहीत, मी सरावाला आहे. "हो का? गाणं ऐकू येत नाही," तो म्हणाला. मी फोन बंद केला.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मफलरवाली बाई पिंजत होती. तिची बोटं कशी चालत होती म्हणून सांगू. नजर नाही, घाई नाही, पुंजका हातात आला की फुलून ढग होऊन खाली पडत होता. अशी बोटं मी एकाच ठिकाणी पाहिली होती. पिंजता पिंजता ती थांबली. हाताला काहीतरी लागलं होतं. तिने ते खिडकीकडे धरलं, डोळे बारीक करून आतलं कोरलेलं नाव वाचलं.

"काल्यू," ती म्हणाली. मग मफलर खाली केला. "ही तुमची, हेल्वेबाई."

माझ्या विहीणबाई होत्या.

मी अंगठी घेतली, छातीशी धरली आणि जे तोंडात आलं ते बोलले. "दाढ कशी आहे?"

"बरी आहे," अस्ताबाई म्हणाल्या. "सराव कसा चाललाय?"

मैमूला हसू आवरेना, ती पोत्यात तोंड खुपसून बसली. लूले मात्र पुढे झाली आणि अस्ताबाईंच्या पिशवीतून जे डोकावत होतं ते तिने सरळ बाहेर काढलं. हातमोजे. आमच्या नक्षीचे, आमच्या रंगांचे. एक एवढा मोठा, की त्यात बटाटे भरावेत. दुसरा बाहुलीचा. अस्ताबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"जाड लोकर हातात बसत नाही," त्या म्हणाल्या. "हिवाळाभर विणतेय आणि उसवतेय. म्हटलं, इथे येऊन वाइकेबाईंना विचारावं. हाप्सालूत कुणाला विचारणार? हसतील."

मला फार बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

"आता शाल इथे आहे, अंगठी इथे आहे, आणि दोघी विहिणी इथे आहेत," वाइकेबाई म्हणाल्या. "काय ते होऊन जाऊ दे. मला यंत्र सुरू करायचंय."

टेबल पुसलं. मी शाल उलगडली. कानटोपीवाल्याने कानटोपी काढली. शालीचं एक टोक पिळून मी अंगठीत घातलं आणि ओढू लागले. गेली. आणखी गेली. मला वाटलं, जमलं. मग मध्यावर, जिथे कळ्या दाट होत्या, तिथे अडकली. मी हळू ओढली, अस्ताबाईंनी पलीकडून धरली, पण नाही. रांगेतले लोक छताकडे बघू लागले. हिवाळाभर ज्याची भीती होती ते घडत होतं, आणि नेमकं ज्यांच्यासमोर घडू नये त्यांच्या हातात.

अस्ताबाईंनी शाल मागे सोडवली आणि एक कळी बोटांनी चाचपून पाहिली.

"किती घट्ट ओढल्यात. अशा कळ्या रागात होतात."

"तुमच्यावरच्या," मी म्हणाले. "प्रत्येक कळीला तुमचं ते 'त्यात काय एवढं' आठवायचं."

त्यांनी शालीची चुणी हाताने सरळ केली. मग म्हणाल्या, "मला तुमची भीती वाटत होती. तुम्ही कार्यालयातल्या, मोठ्याने बोलणाऱ्या. मला दुसरं काही येत नाही, विणकाम येतं. म्हणून ते पुढे केलं."

सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. कानटोपीवाल्याने टोपी परत घातली.

"आणि हे बघा," अस्ताबाई एकदम म्हणाल्या, "तुम्ही उगाच घाबरताय. आमच्या घरची अंगठी ही एवढीशी नसते. माझ्या सासऱ्यांची असते. मच्छीमार होते, बोटं अशी, वल्ह्यासारखी. तिच्यातून ही शाल सहज जाईल."

"खरंच?"

"त्यांच्या अंगठीतून माझा हातमोजासुद्धा जाईल."

माझा सगळा हिवाळा माझ्या डोळ्यांसमोरून गेला. एवढं मला साखरपुड्याच्या दिवशी सांगितलं असतं तर काल्यूला मीठ मिळालं असतं. पण राग येईना. वाइकेबाईंनी दुधी रंगाची लड काढून माझ्यासमोर ठेवली, म्हणाल्या, "किनार सैल विणा." मैमूला सुताच्या लडी मिळाल्या. अस्ताबाईंना मी तिथेच बाकावर बसून आमचा अंगठा कसा विणतात ते दाखवलं, आणि जे मला येतं ते कुणाला दाखवण्यातलं सुख मी पुष्कळ दिवसांनी अनुभवलं. अंगठी बोटात घालताच कर्नलच्या कृपेने सरकन गेली, आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा घट्ट बसली.

घरी काल्यूने दार उघडलं, एक पाऊल मागे सरकला आणि विचारलं, "काय गात होतात?"

लग्न जूनमध्ये झालं. ऊन असं की सॅलड सावलीत हलवावं लागलं, त्यात सफरचंद होतं आणि त्याबद्दल मी काही बोलणार नाही. केक कापण्याआधी शालीची वेळ आली. हाप्सालूच्या सगळ्या आत्या-मावश्या खुर्च्या पुढे ओढून बसल्या. अस्ताबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या उजव्या हातात हातमोजा होता, आमच्या नक्षीचा, त्यांनी स्वतः विणलेला. अंगठा अजून जरा वाकडा होता. एवढ्या उन्हात एका हातात लोकरीचा मोजा घातलेला बघून मावश्यांत कुजबुज झाली. "हे काय ध्यान?" "अस्ताने विणलाय? असा?" अस्ताबाईंनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यांनी पर्समधून सासऱ्यांची अंगठी काढली. ती अंगठी कसली, पडद्याचं कडं म्हणा. मी शालीचं टोक आत घातलं आणि ओढायचीही गरज पडली नाही, शाल आपल्या वजनानेच खाली उतरली. मारेटने ती वरच्यावर झेलली. आमच्या बाजूने टाळ्या वाजल्या. मैमूने शिट्टी वाजवली.

टाळ्या थांबल्यावर सगळ्यांत म्हाताऱ्या आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या, कारण त्यांना कमी ऐकू येतं, "हे काय गं अस्ता? आपल्यात ती बारीक अंगठी असते ना, तुझ्या सासूची? माझी शाल तिच्यातूनच काढली होती. तुझीही. याच्यातून तर वासरू जाईल."

मी अस्ताबाईंकडे पाहिलं.

"ती सापडत नाहीये, आत्या," अस्ताबाई त्यांच्या मऊ आवाजात म्हणाल्या. "बरीच शोधली."

"हरवलीस? सासूची अंगठी?"

"हरवली," अस्ताबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

आत्याबाईंनी सगळ्यांदेखत त्यांना चांगलंच सुनावलं, त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. मग आम्ही फोटोसाठी शेजारीशेजारी उभ्या राहिलो. मी त्यांचा मोज्यातला हात हातात घेतला. जाड लोकरीतूनसुद्धा लागली ती. दोऱ्याइतकी बारीक, टणक, गोल.

"उकडत असेल हो," मी म्हणाले. "काढा की मोजा."

"राहू दे," विहीणबाई समोर कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या. "त्यात काय एवढं."